पदवीआधी पुढची वाट पाहा

बारावीचा निकाल लागला, की कुठल्या कॉलेजात जागा मिळते एवढाच विचार घरोघर सुरू होतो. पदवीनंतर पुढे काय, हा प्रश्न तीन वर्षांनी पडतो. तोवर फी, खोलीभाडे आणि मेस यांत सोयाबीनची कमाई गेलेली असते. म्हणून शेतकरी बंधु-भगिनींनो, हिशेब उलट बाजूने मांडा. अगोदर पेशा, मग पदवी आणि मग अकरावीचे विषय ठरवा.

माणसांचा किंवा जनावरांचा डॉक्टर व्हायचे, तर जीवशास्त्र हवे आणि ‘नीट’ परीक्षा द्यावी लागते. इंजिनियरिंगला गणित आणि सीईटी. फार्मसीला व कृषी पदवीला या दोहोंपैकी एक विषय असला तरी चालते. मुलाचा कल पक्का नसेल, तर अकरावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवावेत. एक वाट हुकली, तरी दुसरी उघडी राहते.

वकिलीला दोन रस्ते आहेत. बारावीनंतर पाच वर्षे, किंवा कोणतीही पदवी घेऊन तीन वर्षे. पण पदवीला खुल्या वर्गासाठी किमान ४५ टक्के लागतात; काठावर पास होऊन भागत नाही. शिक्षक व्हायचे, तर जो विषय शिकवायचा तोच पदवीला घ्यावा. राज्यसेवा परीक्षेला कोणतीही पदवी चालते. तेव्हा शेजाऱ्याच्या मुलाने घेतला म्हणून नव्हे, तर आपल्या मुलाला मनापासून वाचवेल तो विषय घ्या.

यासाठी पुण्या-मुंबईलाच गेले पाहिजे असे नाही. परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. नांदेडला इंजिनियरिंग कॉलेज १९८१ साली, सरकारी मेडिकल कॉलेज १९८८ साली आणि स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १९९४ साली सुरू झाले. जनावरांच्या डॉक्टरकीचे कॉलेज उदगीरला आहे. मुदखेडहून नांदेडला तर रेल्वेने रोज जाऊन-येऊनही शिकता येते. आपल्या तालुक्यात फुलशेती मोठी. घरच्या गुलाब-झेंडूत राबलेल्या मुलीला कृषी पदवी परकी वाटणार नाही.

मुलीचे शिक्षण पैशांसाठी थांबवू नका. २०२४ साली राज्य सरकारने निर्णय केला. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. प्रवेश मात्र सरकारी फेरीतूनच घ्यावा लागतो. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर माफी नाही. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे.

उत्पन्नाचा, जातीचा, नॉन-क्रिमिलेअरचा आणि अल्पभूधारकाचा दाखला यांपैकी जे लागतील ते निकालाची वाट न पाहता काढून ठेवा. कागदाअभावी हातची जागा जाऊ देऊ नका. आणि फॉर्म भरण्याआधी एक संध्याकाळ मुलाला किंवा मुलीला जवळ बसवून विचारा, ‘तुला काय व्हायचे आहे?’ उत्तर ऐकून घ्या, मगच कॉलेजाचे नाव लिहा.