न सुटणारा क्लच

गाडी ऑटोमॅटिक. थंड असताना काही तक्रार नाही. लातूरहून बार्शी रस्त्याने निघायचं, बराच वेळ निवांत चालवायची आणि मुरुडात शिरताना गतिरोधकापाशी ब्रेक दाबला की गाडी गचके देते, थांबता थांबता इंजिन बंद पडतं. चावी फिरवली की लगेच चालू होते. पुन्हा वेग घ्या, पुन्हा थांबा, पुन्हा तेच. अशी गाडी गॅरेजला गेली की बहुतेक वेळा पहिला निकाल लागतो तो 'गिअरबॉक्स गेला' असा. मालकाच्या पोटात गोळा येतो, कारण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवणं म्हणजे मोठा खर्च आणि पंधरा-पंधरा दिवस गाडी दारात नाही.

हा निकाल फार लवकर दिला जातो, असं माझं ठाम मत आहे. वर सांगितलेली लक्षणं टॉर्क कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच अडकल्याची आहेत, आणि तो क्लच अडकण्याचं कारण पुष्कळदा त्या क्लचमध्ये नसतंच. ते तेलात असतं, वायरीत असतं, बोटभर लांबीच्या एखाद्या व्हॉल्व्हमध्ये असतं.

पायाशी क्लचचं पेडलच नाही, मग क्लच आला कुठून? विहिरीवरचा मोनोब्लॉक पंप ज्याने उघडून पाहिला आहे, त्याला हे समजायला वेळ लागणार नाही. पंपातला इंपेलर फिरतो आणि पाणी बाहेर फेकतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये असाच एक इंपेलर इंजिनाला जोडलेला असतो, पण तो पाण्याऐवजी तेल फेकतो. समोर टर्बाइन असतं, ते गिअरबॉक्सला जोडलेलं. फेकलेल्या तेलाच्या जोरावर टर्बाइन फिरतं. दोघांच्या मध्ये स्टेटर असतो, तो परत येणाऱ्या तेलाची दिशा वळवतो आणि त्यामुळे गाडी जागची हलताना इंजिनाचा टॉर्क सुमारे दुप्पट होऊन गिअरबॉक्सला मिळतो. गाडी थांबली की टर्बाइन थांबतं, इंपेलर मात्र तेल घुसळत फिरत राहतो. म्हणून ब्रेकवर उभ्या असलेल्या ऑटोमॅटिक गाडीचं इंजिन बंद पडत नाही.

यातली उणीव अशी की तेलाची जोडणी कधीच पूर्ण घट्ट नसते. रिकाम्या रस्त्यावर ऐंशीच्या वेगाने जातानाही टर्बाइन इंपेलरच्या थोडं मागे राहतं. त्या फरकाची उष्णता होते आणि डिझेल वाया जातं. त्यावरचा उपाय म्हणजे लॉक-अप क्लच. कन्व्हर्टरच्या आतच, पुढच्या आवरणाला लागून, लायनर लावलेली एक प्लेट असते. तेलाचा दाब एका बाजूने दिला की प्लेट आवरणापासून सुटी राहते. तोच दाब उलट बाजूने दिला की ती आवरणावर घट्ट बसते आणि इंजिन व गिअरबॉक्स थेट जोडले जातात. दाब कुठून द्यायचा हे एक व्हॉल्व्ह ठरवतो, व्हॉल्व्हला विजेवर चालणारा सोलेनॉइड हलवतो आणि सोलेनॉइडला गाडीचा कॉम्प्युटर हुकूम देतो.

या यंत्राचा जन्म मोटारीसाठी झालेला नाही. हेरमान फ्योटिंगर हा जर्मन अभियंता श्टेटिनच्या व्हल्कन जहाज कारखान्यात होता. जहाजाचं वेगाने फिरणारं टर्बाइन आणि सावकाश फिरणारा पंखा यांची सांगड घालण्यासाठी त्याने १९०५ साली याचं पेटंट घेतलं. मोटारीत लॉक-अप क्लच आणला पॅकार्ड कंपनीने, १९४९ च्या अल्ट्रामॅटिक गिअरबॉक्समध्ये. पुढे तो जवळजवळ विसरला गेला. १९७० च्या दशकात तेलाचे भाव भडकले, ॲव्हरेजची किंमत कळली आणि १९७८ मध्ये क्रायस्लरने तो पुन्हा आणला. आपल्याकडे भारतीय रेल्वेतले अभियंते मनमोहन सुरी यांनी रेल्वे इंजिनांसाठी द्रवाची आणि यांत्रिक जोडणी यांचा मेळ घालणारी 'सुरी ट्रान्समिशन' तयार केली. त्यांना १९६२ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. आज ज्याला आपण परदेशी गाडीतली भानगड म्हणतो, त्याच जातीच्या प्रश्नावर आपल्या माणसाने साठ वर्षांपूर्वी काम केलं होतं, हे आपल्या मेकॅनिक मुलांना कुणीतरी सांगायला हवं.

आता बिघाडाकडे वळू. हा क्लच दोन तऱ्हांनी रुसतो. कधी तो धरतच नाही. मग हायवेवर आरपीएम नेहमीपेक्षा दोनतीनशेने जास्त राहतात, ॲव्हरेज पडतं, तेल तापतं, पण गाडी चालत राहते. कधी तो धरतो आणि सुटत नाही. ही दुसरी तऱ्हा म्हणजे साध्या गिअरच्या गाडीत क्लच न दाबता ब्रेक मारण्यासारखीच अवस्था. चाकं थांबली की इंजिन थांबणारच. बंद पडलेली गाडी चावीला लगेच का चालू होते, याचंही उत्तर इथेच आहे. इंजिन थांबलं की गिअरबॉक्समधला तेलपंप थांबतो, दाब जातो आणि प्लेट सुटते.

तपासाला बसण्याआधी गाडीत टॉर्क कन्व्हर्टर आहे का, हे पाहावं. हा सल्ला बाळबोध वाटेल, पण गरजेचा आहे. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून आपल्याकडे एएमटी गाड्यांचा सुळसुळाट झाला. त्यांनाही लोक ऑटोमॅटिकच म्हणतात, पण त्यांच्यात साधा गिअरबॉक्स आणि साधी क्लच प्लेटच असते, फक्त ती पायाऐवजी यंत्र दाबतं. तिथे कन्व्हर्टर शोधण्यात अर्थ नाही. इनोव्हा क्रिस्टाच्या ऑटोमॅटिकमध्ये मात्र तो आहे, आणि अनेक सीव्हीटी गाड्यांतही असतो.

पहिली चाचणी फुकट आहे. रस्ता मोकळा पाहून गाडी चांगली गरम करावी आणि अगदी हळू वेगात, थांबण्याच्या क्षणभर आधी, लिव्हर न्यूट्रलला घ्यावा. डीमध्ये बंद पडणारं इंजिन न्यूट्रलमध्ये चालू राहिलं, तर संशय कन्व्हर्टरवर जातो. न्यूट्रलमध्येही बंद पडलं, तर थ्रॉटल बॉडीतला कार्बन, आयडलिंग, इंजिनाचे इतर आजार आधी पाहावेत. थ्रॉटल साफ करून सुटणाऱ्या तक्रारीसाठी गिअरबॉक्स खाली उतरवणं हा मालकावर अन्याय आहे.

दुसरी चाचणी स्कॅनरची, आणि तिला दोन माणसं लागतात. एकाने चालवायचं, दुसऱ्याने आकडे पाहायचे. नुसता कोड वाचून थांबू नये. पी०७४१ म्हणजे क्लच धरत नाही, पी०७४२ म्हणजे सुटत नाही, पी०७४० आणि पी०७४३ विजेच्या सर्किटकडे बोट दाखवतात. पण कोड म्हणजे नुसती तक्रार, निदान नव्हे. पडद्यावर तीन गोष्टी शेजारी शेजारी लावाव्यात: इंजिनाचे आरपीएम, टर्बाइनचे आरपीएम आणि क्लचला कॉम्प्युटरचा हुकूम काय आहे तो. समजा ऐंशीच्या वेगाला इंजिन १,८०० आणि टर्बाइनही १,८००. फरक शून्य, म्हणजे क्लच धरलेला. आता ब्रेकला नुसता पाय टेकवावा. कॉम्प्युटर क्लच सोडण्याचा हुकूम देतो, तो पडद्यावर दिसतो. मग पाय उचलावा आणि हुकूम 'सुटा' असतानाच हळूच रेस द्यावी. निरोगी गाडीत इंजिनाचे आरपीएम टर्बाइनच्या पुढे निघतात. फरक शून्याला चिकटून राहिला, तर हुकूम गेला पण प्लेट सुटली नाही, हे सिद्ध झालं. आणि हुकूमच 'धरा' असा येत राहिला, तर दोष गिअरबॉक्सच्या बाहेर, सेन्सरमध्ये किंवा ब्रेक स्विचमध्ये शोधायचा.

यानंतर वीज. सोलेनॉइडचा कनेक्टर काढून गाडी पुन्हा चालवावी. लक्षण गेलं तर वायर किंवा कॉम्प्युटरच्या हुकमाकडे वळावं. लक्षण राहिलं तर दोष सोलेनॉइडच्या आतल्या भागात, व्हॉल्व्हमध्ये किंवा प्लेटमध्ये आहे. सोलेनॉइडचा रोध मल्टिमीटरवर थंड असताना आणि गरम असताना मोजून कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडावा. मगच चेंबर खोलावं. तळातल्या चुंबकावर करडी मऊ भुकटी असणं नैसर्गिक आहे, लोखंडाचे तुकडे सापडणं मात्र नाही. तेल काळं आणि जळक्या वासाचं असेल, तर लायनर झिजून त्याची भुकटी तेलाबरोबर फिरते आहे, आणि तीच व्हॉल्व्हच्या बारीक भोकात अडकते. ॲल्युमिनियमच्या त्या भोकात व्हॉल्व्ह बोटाने ढकलला तर सुळकन सरकला पाहिजे. गरम झाल्यावरच तक्रार का येते, याचं उत्तर बऱ्याचदा या बोटाला सापडतं. कन्व्हर्टर स्वतः वेल्डिंगने बंद केलेला असतो. तो लेथवर कापून, प्लेट बदलून, पुन्हा वेल्ड आणि बॅलन्स करणं हे गावच्या गॅरेजचं काम नव्हे, म्हणून त्याची पाळी सगळ्यात शेवटी यावी.

मुरुडच्या गाड्यांना एक खास त्रास आहे. मांजरा नदीच्या पट्ट्यात उसाचं गाळप सुरू झालं की रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात. त्यांच्यामागे पंधरा-वीसच्या वेगाने रांगताना लॉक-अप लागत नाही, कन्व्हर्टर तेल घुसळत राहतो आणि तापतो. ओव्हरटेक केलं की क्लच धरतो, पुढचा ट्रॅक्टर आला की सोडतो. पुढे येडशीकडचा घाट आहे, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. अशा भागात 'गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर बदलायचं नाही' या आश्वासनावर विसंबू नये. आणि बदलताना कंपनीने सांगितलेलंच ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल (एटीएफ) भरावं. लाल रंगाची सगळी तेलं सारखी नसतात, चुकीच्या तेलाने लायनर थरथरतो आणि गाडी खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी वाटते.

गाडी वाटेत बंद पडलीच, तर ट्रॅक्टरला दोर बांधून ओढू नका. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा तेलपंप चालत नाही, चाकांबरोबर आतले भाग कोरडे फिरतात आणि किरकोळ बिघाडाचा खरोखरच मोठा होतो. धक्का मारून ती चालूही होणार नाही. इंजिन ज्यांना फिरवतं ती चाकं जमिनीवरून उचलणारी किंवा गाडीच वर घेणारी क्रेन बोलवा. गॅरेजला पोचल्यावर मिस्त्रींना एवढं विचारा: हुकूम काय होता आणि इंजिन-टर्बाइनचा फरक किती निघाला? ते दोन आकडे कागदावर लिहून मिळेपर्यंत गिअरबॉक्स उतरवायला होकार देऊ नका.