प्रवासातला बोलका सोबती

(लांबच्या प्रवासासाठी गाडीतला जुना टेप बदलायचा असेल, तर नवा संच कसा निवडावा, हे या पाठात सोप्या शब्दांत सांगितले आहे. वस्तू विकत घेताना डोळे उघडे ठेवून विचार कसा करावा, हेही या पाठातून शिकता येईल.)

लांबच्या प्रवासात रस्ता लांब असतो, तसा वेळही लांब वाटतो. अशा वेळी गाडीत एखादी नात, कव्वाली, जुने गाणे किंवा बातम्या ऐकू आल्या, की सगळ्यांचा वेळ बरा जातो. म्हणूनच गाडीतल्या रेडिओला आणि टेपला प्रवासातला बोलका सोबती म्हटले तर चुकीचे होणार नाही.

हा सोबती तसा जुना आहे. अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कारखान्याने १९३० साली मोटारीत बसवण्याचा रेडिओ तयार केला. त्याला त्यांनी 'मोटोरोला' असे नाव दिले. पुढे हे नाव जगभर पोहोचले. १९६३ साली फिलिप्स कंपनीने लहान कॅसेट आणली. मग गाडीत रेडिओबरोबर टेपही वाजू लागला. १९८४ साली गाडीत सीडी वाजवणारा संच आला. आता पेन ड्राइव्ह आणि मोबाइल फोन यांवरून गाणी वाजवणारे संच सगळीकडे मिळतात.

समजा, तुमच्या घरी एक जुनी गाडी आहे. तिचा टेप बंद पडला आहे. सुट्टीत सगळ्यांना भिवंडीहून रत्नागिरीला नातेवाइकांकडे जायचे आहे. अब्बा म्हणतात, "साधाच संच घेऊ, पण चांगला घेऊ." दुकानात तर रंगीबेरंगी दिव्यांचे कितीतरी संच मांडलेले असतात. त्यांतून निवड कशी करायची? चला, एकेक गोष्ट पाहू.

पहिली गोष्ट मापाची. गाडीच्या डॅशबोर्डमध्ये संचासाठी एक चौकोनी खाच असते. बहुतेक जुन्या गाड्यांत ही खाच १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच असते. या मापाला 'सिंगल डिन' म्हणतात. डिन हे जर्मनीतील मापे ठरवणाऱ्या संस्थेच्या नावाचे छोटे रूप आहे. याच्या दुप्पट, म्हणजे १०० मिलिमीटर उंच खाच असेल, तर ती 'डबल डिन' होय. तुम्ही घरची पट्टी घेऊन हे माप स्वतः घेऊ शकता. खाचेची खोलीही पाहा. मागे तारांचा गुंता बसायला जागा लागते. ज्या संचात सीडीचे यंत्र नसते, तो आखूड आणि हलका असतो. त्यामुळे तो जुन्या गाडीत सहज बसतो.

दुसरी गोष्ट अशी, की आपण ऐकणार काय? येथे थोडे विज्ञान लागते. एफएम रेडिओचा आवाज स्वच्छ असतो. पण त्याच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला, की त्या अडतात. म्हणून कशेडीसारख्या घाटात शिरताच एफएमवर खरखर सुरू होते. मीडियम वेव्हच्या लहरी जमिनीला धरून दूरवर जातात. त्यांचा आवाज एफएमइतका स्वच्छ नसतो, पण त्या लांबपर्यंत ऐकू येतात. म्हणून लांबच्या प्रवासासाठी दोन्ही पट्टे असलेला रेडिओ चांगला. आपल्या देशात एफएम केंद्रे ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ऐकू येतात. जपानसाठी बनवलेले जुने संच मात्र ७६ ते ९० मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा पकडतात. असा संच कोणी स्वस्तात देऊ केला, तर तो दिसायला कितीही सुंदर असला तरी आपल्या कामाचा नाही.

जिथे रेडिओ पोहोचत नाही, तिथे पेन ड्राइव्ह कामी येतो. सीडी फिरते. खड्ड्यात गाडी आदळली, की तिचे गाणे तुटू शकते. पेन ड्राइव्हमध्ये हलणारा भागच नसतो, म्हणून धक्क्याने गाणे तुटत नाही. साध्या दर्जाचे एमपी-३ गाणे दर मिनिटाला सुमारे १ मेगाबाइट जागा घेते. या हिशेबाने ४ गिगाबाइटच्या लहानशा पेन ड्राइव्हमध्ये साठ तासांहून अधिक गाणी मावतात. म्हणजे रत्नागिरीला जाऊन परत आलात, तरी गाणी उरतील! एक काळजी मात्र घ्या. अनेक साधे संच 'फॅट ३२' पद्धतीने तयार केलेला पेन ड्राइव्हच वाचतात. म्हणून आपला पेन ड्राइव्ह दुकानात नेऊन तिथेच लावून पाहा.

फोनवरून ब्लूटूथने गाणी वाजवणे सोपे असते. पण घाटात नेटवर्क जाते आणि इंटरनेटवरचे गाणे मध्येच थांबते. म्हणून गाणी घरूनच फोनमध्ये उतरवून घ्यावीत.

तिसरी गोष्ट ताकदीची. येथेच ग्राहक जास्त फसतो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत '४ × ५० वॉट' असे छापलेले असते. चार स्पीकर, प्रत्येकी ५० वॉट, म्हणजे एकूण २०० वॉट झाले. आता तुम्ही विज्ञानात शिकलेले सूत्र आठवा. विजेची शक्ती म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. गाडी चालू असताना बॅटरीच्या तारांवर सुमारे १४ व्होल्ट असतात. अनेक साध्या संचांच्या मागे १० अँपिअरचा फ्यूज असतो. १४ गुणिले १० म्हणजे १४० वॉट. जो संच सतत १४० वॉटपेक्षा जास्त वीज घेऊच शकत नाही, तो सतत २०० वॉट आवाज कुठून देणार? शिवाय घेतलेल्या विजेचा काही भाग उष्णतेत जातो. खोक्यावरचा आकडा फक्त क्षणभराच्या जोराचा असतो. सतत मिळणाऱ्या शक्तीचा आकडा 'आरएमएस' या अक्षरांपुढे लिहिलेला असतो आणि तो बराच लहान असतो. दोन संचांची तुलना करायची, तर हाच आकडा पाहावा. गाडीच्या लहानशा जागेत प्रत्येक स्पीकरला १५ ते २० वॉट मिळाले, तरी आवाज भरपूर होतो.

चौथी गोष्ट बटणांची. ही गोष्ट लहान वाटते, पण तिच्यावर जीव अवलंबून असतो. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर ती एका सेकंदात सुमारे १६.७ मीटर पुढे जाते. चालकाने गाणे बदलण्यासाठी फक्त दोन सेकंद नजर खाली वळवली, तर तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. एवढ्या अंतरात एखादे मूल रस्त्यावर धावत येऊ शकते. म्हणून आवाज कमीजास्त करायला गोल फिरणारी मोठी कळ असलेला संच घ्या. ती न पाहता हाताला सापडते. बारीक बारीक बटणे आणि डोळे दिपवणारे दिवे असलेला संच रात्रीच्या प्रवासात त्रास देतो. दिव्याचा उजेड कमी करता येतो का, हेही विचारा.

आता संच बसवण्याकडे वळू. हे काम गाडीच्या विजेचे काम जाणणाऱ्या कारागिराकडूनच करून घ्यावे. पण तो काय करतो, हे तुम्हाला समजले पाहिजे. नव्या संचांच्या तारांचे रंग बहुधा ठरलेले असतात. पिवळी तार बॅटरीला कायम जोडलेली असते. घड्याळ आणि आवडीची केंद्रे लक्षात ठेवायला संचाला तिची वीज लागते. लाल तार चावीशी जोडलेली असते. चावी फिरवली, की संच चालू होतो. काळी तार गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडतात. चावी बंद केल्यावर प्रत्येक वेळी संच आपली केंद्रे विसरत असेल, तर पिवळी आणि लाल तार यांची अदलाबदल झाली आहे, असे ओळखावे.

बाकीच्या तारा जोडीजोडीने स्पीकरकडे जातात. प्रत्येक स्पीकरची जोडी वेगळी ठेवावी. एखाद्या जोडीत तारा उलट लागल्या, तर एक स्पीकर पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. मग तबल्याचा आणि ढोलकीचा घुमारा हरवतो. शक्य असेल, तर गाडीच्या मूळ तारा कापू नयेत. गाडीला आणि संचाला जुळणारा कपलर दुकानात मिळतो. तो जोडला, की तारा न कापता काम होते.

फ्यूज हा संचाचा पहारेकरी आहे. तारांत बिघाड होऊन जास्त वीज वाहू लागली, की तो स्वतः जळतो आणि गाडीला वाचवतो. काही लोक जळलेल्या फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा घालतात. हे पहारेकऱ्याला घालवून चोराला दार उघडून देण्यासारखे आहे. तार तापते, तिच्यावरचे प्लॅस्टिक वितळते आणि गाडीला आग लागू शकते. फ्यूज गेला, तर आधी कारण शोधावे आणि मग तेवढ्याच अँपिअरचा नवा फ्यूज घालावा.

पैसे देण्याआधी संच दुकानातच वाजवून पाहा. रेडिओ, पेन ड्राइव्ह, फोन, सगळे तपासा. पक्की पावती घ्या. हमीपत्रावर दुकानाचा शिक्का आणि तारीख आहे ना, ते पाहा. पावती नसेल, तर पुढे तक्रार करणे अवघड जाते. जे वापरायचेच नाही, त्याचे पैसे देऊ नका. वाचलेल्या पैशांत एखादा फाटलेला स्पीकर बदलता येईल. स्पीकर फाटका असेल, तर महाग संचही फाटकाच वाजतो.

शेवटी, या सोबत्याशी कसे वागावे? आवाज इतकाच ठेवावा, की मागच्या गाडीचा भोंगा आणि रुग्णवाहिकेचा आवाज ऐकू यावा. निघण्याआधीच गाणी लावावीत. नंतरची बटणे चालकाशेजारी बसलेल्याने सांभाळावीत. हे काम तुम्ही आनंदाने करू शकता. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार गाडी चालवताना हातात फोन धरून वापरणे हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडते व त्यासाठी शिक्षा आहे. आणि एक गोष्ट कधीही विसरू नका. चालकाच्या डोळ्यांवर झोप आली, तर मोठा आवाज हा त्यावरचा उपाय नाही. गाणे मन रिझवते, पण शरीराचा थकवा काढू शकत नाही. अशा वेळी अब्बांना सांगा, "गाडी बाजूला घ्या, थोडी विश्रांती घ्या." गाणे पुढच्या वळणावरही ऐकता येईल. आधी सगळ्यांनी सुखरूप घरी पोहोचले पाहिजे.

शब्दार्थ

सोबती – साथीदार, दोस्त
खाच – वस्तू बसवण्यासाठी केलेली पोकळ जागा
आखूड – लांबीला कमी
सांगाडा – वस्तूचा मूळ ढाचा
घुमारा – घुमणारा भरदार आवाज
पहारेकरी – राखण करणारा, चौकीदार
हमीपत्र – वस्तू चांगली चालेल याचे लेखी वचन
मन रिझवणे – मनाला आनंद देणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'सिंगल डिन' संचाची रुंदी व उंची किती असते?
(आ) घाटात एफएम रेडिओची खरखर का होते?
(इ) आवाजाची कळ मोठी व गोल का असावी?

२. कारणे लिहा.
(अ) खोक्यावरचा '४ × ५० वॉट' हा आकडा सतत मिळणाऱ्या शक्तीचा नसतो.
(आ) जळलेल्या फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा घालू नये.

३. जोड्या लावा.
पिवळी तार – गाडीचा सांगाडा
लाल तार – बॅटरी
काळी तार – चावी

४. हिशेब करा.
गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तीन सेकंदांत ती किती मीटर पुढे जाईल?

५. विरुद्धार्थी शब्द लिहा.
लांब, स्वस्त, आखूड, चालू

६. उपक्रम
घरातील एखाद्या विजेच्या उपकरणावर किती व्होल्ट व किती वॉट लिहिले आहेत, ते वाचा. मोठ्या माणसांना विचारून त्याची माहिती पाच ओळींत लिहा.