खेळातली गोष्ट, भाग ७ : व्हिक्टर व्हान्स आधी मरतो, मग जगतो

'व्हाइस सिटी'ची सुरुवात आपल्याकडच्या एका पिढीला तोंडपाठ आहे. रात्रीचं बंदर. केन रोझेनबर्ग नावाचा घाबरट वकील गाडीतच बसून राहतो. टॉमी व्हर्सेटी आणि त्याचे दोन साथीदार पैसे घेऊन खाली उतरतात. समोर हेलिकॉप्टर टेकतं, त्यातून एक माणूस माल घेऊन पुढे येतो, दोन-चार वाक्यांत बोलणी होतात आणि दबा धरून बसलेले बंदूकधारी गोळीबार सुरू करतात. माल आणणारा जागीच कोसळतो, हेलिकॉप्टर उडून जातं, टॉमी कसाबसा निसटतो. पुढचा सगळा खेळ आपण त्या बुडालेल्या पैशांच्या मागे असतो. कोसळलेल्या माणसाचा विचार कुणी करत नाही. २००२ साली खेळ आला तेव्हा त्या माणसाला काही पूर्वायुष्यच नव्हतं. गोष्ट सुरू व्हायला कुणीतरी मरायला हवं होतं, म्हणून तो मेला.

त्याचं नाव व्हिक्टर व्हान्स. चार वर्षांनी, २००६ मध्ये, 'व्हाइस सिटी स्टोरीज' आला आणि त्याचा नायक हाच व्हिक्टर होता.

गेल्या आठवड्यात आपण प्रकाशनक्रम आणि कथाक्रम यांतला फरक पाहिला. 'ग्रँड थेफ्ट ऑटो' या मालिकेत हा फरक जितका ताणला गेला आहे तितका मी दुसऱ्या कुठल्या मोठ्या मालिकेत पाहिलेला नाही. आधी कुंपण घालून घेऊ. या मालिकेची तीन वेगवेगळी विश्वं मानली जातात : वरून दिसणाऱ्या जुन्या खेळांचं टूडी विश्व, २००१ पासूनचं थ्रीडी विश्व आणि २००८ च्या 'जीटीए फोर'पासूनचं एचडी विश्व. लिबर्टी सिटी, व्हाइस सिटी ही नावं एका विश्वातून दुसऱ्यात गेली आहेत, माणसं मात्र सहसा गेलेली नाहीत. म्हणून 'लंडन १९६९'पासून 'जीटीए फाइव्ह'पर्यंत सगळं एका ओळीत लावण्यात अर्थ नाही. सलग कथा आहे ती मधल्या, थ्रीडी विश्वात, आणि आज तेवढ्याच विश्वाबद्दल बोलू.

कथेतल्या वर्षांप्रमाणे लावलं तर 'व्हाइस सिटी स्टोरीज' १९८४ मध्ये घडतो, 'व्हाइस सिटी' १९८६ मध्ये, 'सॅन अँड्रियास' १९९२ मध्ये, 'लिबर्टी सिटी स्टोरीज' १९९८ मध्ये, गेम बॉयवरचा छोटा 'जीटीए अ‍ॅडव्हान्स' २००० मध्ये आणि 'जीटीए थ्री' २००१ मध्ये. आता बाजारात आल्याची वर्षं पाहा : 'थ्री' २००१, 'व्हाइस सिटी' २००२, 'सॅन अँड्रियास' आणि 'अ‍ॅडव्हान्स' २००४, 'लिबर्टी सिटी स्टोरीज' २००५, 'व्हाइस सिटी स्टोरीज' २००६. सगळ्यात आधी बनलेला खेळ कथेत सगळ्यात शेवटी येतो आणि सगळ्यात शेवटी बनलेला कथेत सगळ्यात आधी. एडिंबराच्या रॉकस्टार नॉर्थमधली मंडळी शेवट लिहून मोकळी झाली होती. पुढची पाच वर्षं ती त्या शेवटाची कारणं रचत मागे मागे गेली.

यात धंद्याचं आणि तंत्राचं गणितही होतं. दोन्ही 'स्टोरीज' रॉकस्टार लीड्सच्या जोडीने पीएसपी या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी बनवले गेले, आणि दोन्हींत आधीच्या खेळांची शहरं पुन्हा वापरली आहेत. शहर तेच, रस्ते तेच, आणि काळ थोडा मागचा. त्यामुळे लेखकांना प्रत्येक कोपऱ्यापाशी स्वतःला विचारावं लागलं असणार की हे इथे कसं आलं.

त्याचं सर्वात सुंदर उत्तर फोर्ट स्टॉन्टनमध्ये मिळतं. 'जीटीए थ्री'मध्ये स्टॉन्टन बेटावर एक मोठं बांधकाम चालू आहे. खड्डे, सळ्या, अर्धवट उभे सांगाडे. २००१ मध्ये ती फक्त गोळीबाराला सोयीची जागा होती. 'लिबर्टी सिटी स्टोरीज'मध्ये १९९८ साली त्याच जागी जुनी, दाट वस्ती उभी आहे. टोनी सिप्रियानी बनून आपण तिच्या गल्ल्यांतून गाड्या हाकतो, आणि खेळाच्या उत्तरार्धात त्याच वस्तीखाली आपल्या हाताने स्फोटकं ठेवतो. कथाक्रमाने खेळणारा जेव्हा 'थ्री'मध्ये पोचतो तेव्हा त्या बांधकामापाशी त्याला थबकावंच लागतं, कारण तो खड्डा त्याने स्वतः पाडलेला असतो. प्रकाशनक्रमाने गेलं तर ही एक गमतीची माहिती ठरते. कथाक्रमाने गेलं तर ते आपलं कृत्य असतं.

हे काम टोनीकडून करून घेणारा डोनाल्ड लव्ह मला या सबंध मालिकेतला सर्वात नीट रचलेला माणूस वाटतो. १९८६ मध्ये तो एका बैठकीत जेमतेम दिसतो. टेक्सासचा जमीनदलाल एव्हरी कॅरिंग्टन टॉमीला समजावत असतो की जमिनीचे भाव पाडायचे तर टोळीयुद्धासारखा उपाय नाही. शेजारी असलेला त्याचा तरुण शिष्य गप्प राहून ऐकत असतो. तोच डोनाल्ड. १९९८ मध्ये त्याची महापौरपदाची निवडणूक फसते, दिवाळं निघतं, आणि तो टोनीला सांगून आपल्या गुरूलाच, एव्हरीला, मारवतो व त्याच्याकडचे आराखडे पळवतो. फोर्ट स्टॉन्टन उडतं ते त्या आराखड्यांसाठी. २००१ मध्ये तो अब्जाधीश माध्यमसम्राट आहे, आणि आपल्याला काम सांगताना टोळीयुद्ध आणि जमिनीचे भाव यांचं तेच तत्त्वज्ञान ऐकवतो. लेखकांनी हे बोलणं आधी डोनाल्डच्या तोंडी घातलं, आणि वर्षभराने 'व्हाइस सिटी' लिहिताना त्याच्या गुरूला दिलं. म्हणजे शिष्य आधी जन्मला, गुरू नंतर. पण १९८४ पासून सुरुवात करणाऱ्याला हे सांधे दिसतच नाहीत. त्याला दिसतो तो ऐकलेलं पक्कं लक्षात ठेवणारा माणूस.

फिल कॅसिडीचा हातही असाच. 'थ्री'मध्ये फिल हा एका हाताचा, शस्त्रं विकणारा माजी सैनिक म्हणून भेटतो, आणि त्याचा जुना दोस्त रे मचॉव्स्की निकाराग्वातल्या लढाईचे दाखले देतो. हात तिकडेच गेला असणार असं कुणालाही वाटेल. 'व्हाइस सिटी'मध्ये आपण प्रत्यक्षच पाहतो : फिलने घरी गाळलेली दारू फुटते आणि हात त्यात जातो. त्या वाफेनेच टॉमी झिंगतो, आणि त्या अवस्थेत त्याला फिलला गाडीत घालून सैन्यातल्या एका जुन्या सर्जनकडे न्यायचं असतं. पडदा डोलत असतो, गाडी हातात राहत नाही. हे मिशन खेळलेल्या माणसाला पंधरा वर्षांनंतरच्या फिलकडे शूर जवान म्हणून बघणं जमत नाही.

आता पुन्हा व्हिक्टरकडे, कारण कथाक्रमाचा खरा कस तिथे लागतो. १९८४ मध्ये तो सैन्यात कॉर्पोरल आहे. आजारी धाकट्या भावाच्या, पीटच्या, औषधपाण्यासाठी त्याला पैसा हवा आहे. त्याचा सार्जंट जेरी मार्टिनेझ त्याच्याकडे माल ठेवायला देतो, माल सापडतो, आणि व्हिक्टरची नोकरी जाते. तिथून तो ज्या धंद्याचा तिटकारा करतो त्यातच रुतत जातो. मग दुसरा भाऊ लान्स येतो. रुबाबदार, बोलघेवडा, आणि लोभी. व्हिक्टर जे जे सावरतो ते ते लान्स उधळतो. व्हिक्टरचा जिच्यात जीव गुंततो ती लुईस, फिल कॅसिडीची बहीण, मारली जाते. शेवटी मार्टिनेझचा आणि मेंडेझ टोळीचा हिशेब चुकता झाल्यावर व्हिक्टर ठरवतो की आता अमली पदार्थांचा धंदा बंद.

इथे खेळ संपतो. कथाक्रमाने चाललेला माणूस लगेच पुढचा खेळ लावतो, आणि पहिल्या काही मिनिटांत तेच बंदर, तेच हेलिकॉप्टर. चालकाच्या जागी लान्स. माल घेऊन उतरतो तो व्हिक्टर. ज्याच्या अंगाने आपण सबंध खेळ जगलो, त्याला आता बाहेरून, चार पावलांवरून पाहायचं, आणि आपल्या हातात आता दुसराच माणूस आहे. टॉमीला त्याचं काही वाटत नाही. वाटायचं कारणही नाही, त्याच्यासाठी तो अनोळखी आहे. हा हल्ला अमली पदार्थांचा बडा व्यापारी रिकार्डो डियाझने घडवून आणला हे पुढे कळतं, आणि याच डियाझसाठी व्हिक्टरने १९८४ मध्ये कामं केलेली असतात. नंतर लान्स टॉमीशी मैत्री करतो, भावाचा सूड उगवतो, आणि अखेर टॉमीलाही विकतो. पहिल्यांदा 'व्हाइस सिटी' खेळणाऱ्याला हा दगा अनपेक्षित वाटतो. व्हिक्टर होऊन आलेल्याला तो पहिल्या भेटीपासून दिसत असतो, आणि टॉमीला सावध करण्याची सोय खेळात नाही. मला हा कथाक्रमाचा सर्वात मोठा लाभ वाटतो. मूळ लेखकांनीही २००२ मध्ये असं काही योजलं नव्हतं.

कॅटलिनाच्या बाबतीत काम थोडक्यात झालं आहे. १९९२ मध्ये ती 'सॅन अँड्रियास'चा नायक सीजे याला सोडून एका मुक्या माणसाबरोबर लिबर्टी सिटीला निघून जाते. तो क्लॉड, 'थ्री'चा नायक. २००१ च्या पहिल्याच प्रसंगात ती बँक लुटून झाल्यावर क्लॉडला गोळी घालते. मधल्या नऊ वर्षांचं कुणीच काही दाखवलेलं नाही, आणि ही फट मला खटकते.

या क्रमाची किंमतही मोजावी लागते. व्हिक्टरला थोडं का होईना पोहता येतं. दोन वर्षांनी टॉमी पाण्यात पडला की मरतो. सीजे पोहतो, भिंती चढतो, पॅराशूटने उतरतो, आणि त्याच्याकडे तीन शहरांचं अख्खं राज्य आहे. त्याच्यानंतर टोनीला पुन्हा तीन बेटांत कोंडून घ्यावं लागतं. 'थ्री'मध्ये मोटरसायकलीही नाहीत, मूळ खेळात उघडून पाहायचा नकाशा नाही, नायक बोलत नाही. जसजशी गोष्ट पुढे सरकते तसतसं हातातलं यंत्र जुनं होत जातं. 'सॅन अँड्रियास'नंतर अनेकांचा धीर इथे सुटतो, आणि त्यांना दोष देता येत नाही.

म्हणून माझा सल्ला असा. यातलं काहीच न खेळलेल्याने 'व्हाइस सिटी' किंवा 'सॅन अँड्रियास'ने सुरुवात करावी. आपल्याकडे ज्यांनी सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून 'व्हाइस सिटी' खेळला, वहीच्या मागच्या पानावर चीट लिहून ठेवले आणि 'पॅन्झर' टाइप करून रणगाडा मागवण्यातच दुपार घालवली, त्यांच्यासाठी मात्र कथाक्रमच योग्य आहे. शहर त्यांना पाठ आहे, माणसं भेटायची राहिली आहेत. 'अ‍ॅडव्हान्स' वगळला तरी काही अडत नाही. 'लिबर्टी सिटी स्टोरीज' मोबाइलवर आला आहे. 'थ्री', 'व्हाइस सिटी', 'सॅन अँड्रियास' यांची नव्याने सजवलेली आवृत्ती २०२१ मध्ये निघाली. अडचण आहे ती पहिल्याच पायरीची : 'व्हाइस सिटी स्टोरीज' प्लेस्टेशनच्या यंत्रांपुरताच राहिला, संगणकावर किंवा फोनवर अधिकृतपणे कधीच आला नाही. जुनं पीएसपी कुणाच्या कपाटात असेल तर ते मागून घ्या. आणि हे सगळे खेळ प्रौढांसाठीच आहेत, घरात मुलं असतील तर त्यांच्या हाती देऊ नका.

जाता जाता रेडिओकडे कान ठेवा. लॅझलो नावाचा निवेदक १९८४ मध्ये व्ही-रॉकवर उमेदवारी करतो, १९८६ मध्ये तिथेच डीजे असतो, १९९२ मध्ये सॅन अँड्रियासच्या वाहिनीवर कार्यक्रम चालवतो आणि २००१ मध्ये लिबर्टी सिटीत लोकांचे फोन घेत बसलेला सापडतो. या सतरा वर्षांत गोळ्या न खाता सगळ्या शहरांतून फिरलेला तो जवळजवळ एकटाच.

पुढच्या भागात एचडी विश्वाकडे वळू : 'जीटीए फोर' आणि त्याच्या दोन पुरवण्या, ज्यांत एकच हिऱ्यांचा सौदा तीन वेगवेगळ्या माणसांच्या नजरेतून दिसतो. तिथे क्रम मागेपुढे होत नाही, तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असतात.