वर्गातला पडदा (भाग ६) : स्लाइडमधून थेट भूकंपाच्या नकाशावर

गेल्या आठवड्यात आपण स्लाइडमध्ये चित्र, आवाज आणि चित्रफीत बसवली. या तिन्ही गोष्टी बसवल्या त्या दिवसापुरत्याच ताज्या असतात. भूकंपाची यंदाची स्लाइड पुढच्या वर्षीही तेच दाखवणार. जमीन मात्र रोज कुठे ना कुठे हादरते. म्हणून आजचा विषय लिंकचा.

लिंक कुठे द्यायची? माझी कसोटी अशी : जे बदलणार नाही ते स्लाइडवर ठेवावं आणि जे रोज बदलतं त्याला लिंक द्यावी. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला झालेला भूकंप स्लाइडवर. ‘गेल्या सात दिवसांत जगात कुठे कुठे भूकंप झाले?’ या प्रश्नाला लिंक.

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचा, म्हणजे यूएसजीएसचा, ताज्या भूकंपांचा नकाशा सर्वांना खुला आहे. तो उघडून ‘सात दिवस’ आणि ‘४.५ व त्याहून मोठे’ हे पर्याय निवडा. आपली निवड पानाच्या पत्त्यातच नोंदली जाते, त्यामुळे पत्ता त्यानंतरच कॉपी करा. मुखपृष्ठाचा पत्ता दिलात, तर तासातली पाच मिनिटं नकाशा शोधण्यात जातील. आता पॉवरपॉइंटमध्ये प्रश्नाचे शब्द निवडा, कंट्रोल आणि के ही बटणं एकत्र दाबा, पत्ता चिकटवा, ओके करा. एफ-५ दाबून स्लाइड शो सुरू केला की साध्या क्लिकवर नकाशा ब्राउझरमध्ये उघडेल. ऑल्ट आणि टॅब दाबून पुन्हा स्लाइडवर या.

पण क्लिक करण्याआधी थांबा. मुलांना जगाचा कोरा नकाशा द्या आणि भूकंप कुठे झाले असतील तिथे पेन्सिलीनं ठिपके द्यायला सांगा. मग पडदा दाखवा. पॅसिफिकच्या कडेनं ठिपक्यांची रांग दिसली की भूपट्टांच्या सीमा पाठ करून घ्याव्या लागत नाहीत.

एखादं मूल विचारेल, ‘कोयनेजवळ ठिपका का नाही?’ हा प्रश्न सोडू नका. अमेरिकेबाहेरचे लहान धक्के या नकाशावर बहुधा येतच नाहीत. त्यांच्यासाठी आपल्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या पानाची दुसरी लिंक त्याच स्लाइडवर ठेवा. नकाशा कोरा दिसला म्हणजे जमीन शांत आहे असं नाही. माहिती कोण गोळा करतं आणि किती बारकाईनं, हे विचारायची सवय भूगोलाइतकीच मोलाची आहे. वेळही तपासून घ्या : ती जागतिक प्रमाणवेळेत असेल, तर साडेपाच तास मिळवा.

आणि नेट गेलं तर? ते जाणार हे धरूनच तयारी करा. आदल्या दिवशी नकाशाचा स्क्रीनशॉट काढून लिंकच्या पुढच्या स्लाइडवर तारखेसह ठेवा. तास सुरू होण्यापूर्वी शाळेच्याच संगणकावर प्रत्येक लिंक एकदा उघडून पाहा, कारण घरी चालणारं पान शाळेत बंद असू शकतं. दर सत्राच्या सुरुवातीला जुन्या लिंक तपासा. संकेतस्थळं बदलतात आणि पत्ते मरतात.

एका तासाला अशा एक-दोन लिंक पुरेत.

या आठवड्यात तुमच्या जुन्या सादरीकरणातली एकच स्लाइड निवडा, जिचं उत्तर आज बदललेलं असेल. पाऊस, धरणातला साठा, कांद्याचा बाजारभाव, काहीही चालेल. तिला लिंक द्या.

पुढच्या भागात : मुलांनी स्वतः केलेल्या स्लाइड.