रुग्णवाहिकेतील माणसाचे मत

सोनई हे नेवासे तालुक्यातील मोठे गाव. मुळा सहकारी साखर कारखान्यामुळे येथे राजकारण घरोघरी पोचलेले. कोण कोणाच्या गटाचा, हे कळण्यासाठी मतमोजणीची वाट पाहावी लागत नाही. अशा गावी रात्री अपघात घडून '१०८' बोलाविली, तर येणारा डॉक्टर वा चालक कोणत्या पक्षाचा, हा प्रश्न जखमीच्या मनात येता कामा नये. परंतु त्याच चालकाने सकाळी सुटीच्या वेळात भ्रमणध्वनीवरून एखाद्या पुढाऱ्याची टर उडविली असेल, तर तो येतो. पारावर बोललेले पूर्वी पारावरच विरून जाई. आता त्याची प्रत निघते आणि नको त्या हाती पडते.

अशा लिखाणाची झळ दवाखान्यालाही कशी पोचते, हे पालघरने दाखविले आहे. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर नोव्हेंबर २०१२ मध्ये पाळलेल्या बंदविषयी फेसबुकवर मत व्यक्त झाले म्हणून दोन तरुणींना अटक झाली, आणि त्यांपैकी एकीच्या काकांच्या रुग्णालयाची जमावाने मोडतोड केली. काकांनी तर एक अक्षरही लिहिले नव्हते! अटकेसाठी वापरलेले कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली घटनाबाह्य ठरविले. फुटलेल्या काचांना त्याचा काय उपयोग?

तेव्हा संयम हवा, याविषयी दुमत नाही. राज्य शासनाच्या २८ जुलै २०२५ च्या निर्णयाने वैयक्तिक व कार्यालयीन खाती वेगळी ठेवण्यास सांगितले, गणवेश व शासकीय वाहन यांचे वैयक्तिक खात्यावरील प्रदर्शन वर्ज्य केले. हे योग्यच होय. रुग्णाचे छायाचित्र तर कोणत्याही सबबीखाली बाहेर जाता कामा नये. तथापि त्याच निर्णयाने शासनाच्या चालू वा नजीकच्या धोरणावरील प्रतिकूल टीकेलाही मनाई केली आहे, आणि तीत करारपद्धतीने नेमलेलेही येतात. येथे मात्र थांबून विचार केला पाहिजे. अमुक पक्षाचा रुग्ण आपल्याला नकोसा वाटतो असे सुचविणे निराळे, आणि रस्त्याच्या खड्ड्यांमुळे बाळंतिणीला उशीर झाला असे सांगणे निराळे. पहिल्याने सेवेवरचा विश्वास तुटतो. दुसरे न बोलल्याने पुढच्या बाळंतिणीचा घात होतो. दोहोंना एकाच तराजूत तोलणे ही शिस्त नव्हे, सोय आहे.

न्यायालयांनी हा भेद अगदीच डोळ्यांआड केलेला नाही. राजकीय सभेला हजर राहून फेसबुकवर लिहिल्याबद्दल निवृत्तीच्या तोंडावर निलंबित झालेल्या एका कर्मचारी महिलेला त्रिपुरा उच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये दिलासा दिला. सरकारी नोकर भाषणस्वातंत्र्याला पारखा होत नाही, असे त्या निकालात आहे. परंतु ती महिला नियमित शासकीय सेवेत होती. निदान तिच्यावर आदेश काढावा लागला, आणि म्हणून त्याला आव्हानही देता आले. '१०८' ही सेवा २०१४ पासून खासगी संस्थेमार्फत चालत आली. तिच्या चालकाला घटनेच्या ३११ व्या कलमाचे संरक्षण नाही. मुदतीच्या करारावरील माणसाला निलंबित करावेच लागत नाही. मुदत सरली की करार पुढे चालविला जात नाही, एवढेच.