फुकट ते पौष्टिक? मुक्त सॉफ्टवेअर निवडताना

‘फुकट ते पौष्टिक’ असे आपण थट्टेने म्हणतो. संगणकाच्या बाबतीत मात्र ही म्हण पारखूनच घ्यावी लागते. घरखर्चाचा हिशेब, बँकेचे व्यवहार आणि प्रकृतीच्या नोंदी यांसाठी पैसे न देता मिळणारे चांगले सॉफ्टवेअर कुठे शोधावे, असे मंडळाचे सभासद मला बरेचदा विचारतात. त्याचे उत्तर येथे थोडक्यात देत आहे.

प्रथम फुकट आणि मुक्त यांतला फरक पाहू. आपल्यातली शाकाहारी मंडळी जर्मनीतल्या दुकानात पाकिटामागची घटकांची यादी वाचल्याशिवाय गोळ्या-चॉकलेटे घेत नाहीत. न जाणो, आत जिलेटिन असायचे! मुक्त सॉफ्टवेअरची अशी यादी, म्हणजे त्याचा सोर्स कोड, सर्वांना खुला असतो. आपल्याला तो वाचता आला नाही तरी जाणकारांना वाचता येतो, सुधारता येतो आणि वाटता येतो. नुसत्या फुकट सॉफ्टवेअरचे तसे नाही. तिथे किंमत पैशात नसली तरी जाहिरातींच्या किंवा आपल्या खासगी माहितीच्या रूपाने वसूल होऊ शकते.

मग मुक्त सॉफ्टवेअर शोधायचे कुठे? शोधयंत्रात नाव टाकून वर येईल त्या दुव्यावर जाऊ नये. त्यासाठी सूची आहेत. ‘फ्री सॉफ्टवेअर डिरेक्टरी’ ही सूची अमेरिकेतील फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन चालवते आणि तिला युनेस्कोचेही सहकार्य लाभले आहे. प्रत्येक सॉफ्टवेअरचा परवाना तिथे नोंदलेला असतो. अँड्रॉइड फोनसाठी २०१० साली सुरू झालेली ‘एफ-ड्रॉइड’ ही सूची आहे. तिच्यात फक्त मुक्त ॲप असतात. एखादे ॲप वापरणाऱ्यावर पाळत ठेवत असेल, तर तसा इशारा त्याच्या पानावर दिलेला असतो.

सूची जुनी आणि नावाजलेली असली म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवू नये. सोर्सफोर्ज हे १९९९पासूनचे प्रसिद्ध ठिकाण. तेथून मिळणाऱ्या ‘गिम्प’ या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरबरोबर जाहिरातींचे अन्य कार्यक्रम जोडले जात असल्याचे २०१५मध्ये उघड झाले आणि मोठा गदारोळ उडाला. २०१६मध्ये मालकी बदलल्यावर ती पद्धत बंद झाली. म्हणून मी सूचीत नाव शोधतो, पण सॉफ्टवेअर शक्यतो बनवणाऱ्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवून घेतो.

आता पैशांविषयी. मी घरचा हिशेब ‘ग्नूकॅश’मध्ये ठेवतो. जमा-नावे पद्धतीच्या या सॉफ्टवेअरमध्ये युरो आणि रुपये ही दोन्ही चलने एकत्र सांभाळता येतात. जर्मनीत राहणाऱ्याला भारतातल्या ठेवींचे व्याजही येथील करविवरणात दाखवावे लागते, तेव्हा या नोंदी हाताशी असलेल्या बऱ्या. जर्मन बँकांच्या खात्यांसाठी ‘हिबिस्कस’ हेही मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते येथील बँकांच्या एफआयएनटीएस या प्रमाणित पद्धतीने खात्याशी जोडले जाते. पत्रे आणि तक्ते यांसाठी लिबरऑफिस आहे. त्यामागची संस्था बर्लिनची असून त्याचे मेनू मराठीतही मिळतात. श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने एप्रिल २०२४मध्ये सुमारे ३०,००० सरकारी संगणक त्यावर नेण्याचा निर्णय जाहीर केला.

आरोग्याच्या नोंदी तर पैशांहून नाजूक. मासिक पाळीच्या नोंदींसाठी बर्लिनमधील गटाने बनवलेले ‘ड्रिप’ हे ॲप सर्व माहिती फोनमध्येच ठेवते. जून २०२०मध्ये आलेले सरकारी कोरोना-वॉर्न-ॲपही खुल्या कोडचे होते. म्हणूनच त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्वयंसेवकांना गूगलच्या सेवांशिवाय चालणारी त्याची आवृत्ती एफ-ड्रॉइडवर देता आली. संसर्गाचे इशारे देण्याची ती सेवा २०२३मध्ये थांबली, पण कोड खुला असल्याचा उपयोग काय, हे त्यातून कळले.

कोणतेही सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी मी पुढील गोष्टी पाहतो:

१. परवान्याचे नाव स्पष्ट दिले आहे का?
२. शेवटची आवृत्ती केव्हा निघाली? काही वर्षे कोणी हात लावला नसेल, तर बँकेच्या कामाला ते नको.
३. माहिती कुठे साठते, आपल्या यंत्रावर की दुसऱ्याच्या?
४. नोंदी साध्या तक्त्याच्या रूपात बाहेर काढता येतात का?

चौथा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बहुतेक घरांत हिशेब एकाच व्यक्तीच्या हाती असतो. ती व्यक्ती आजारी पडली, तर ठेवी, विमा आणि औषधे यांची माहिती घरातल्या दुसऱ्याला सापडायला हवी. वर्गणी थकली म्हणून ती कुलपात अडकता कामा नये. तेव्हा नोंदींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि ती कुठे आहे, कशी उघडायची, हे पती, पत्नी किंवा मुलांना आजच दाखवा.

आणि हो, सॉफ्टवेअर उपयोगी पडले तर बनवणाऱ्यांना चार युरो जरूर पाठवा. मुक्त असले तरी ते कोणाच्या तरी कष्टातूनच तयार झालेले असते.