जुन्या लष्करी ट्रकचा ब्रॅकेट : पत्रा किती कापावा?

जबलपूरला १९५९ पासून बनलेल्या शक्तिमान ट्रकचे उत्पादन बंद झाले आहे. चंदीगडमधील मनीमाजराच्या मोटर मार्केटमध्ये शोधूनही त्याचा ब्रॅकेट मिळाला नाही, तर तो पत्र्यातून घडवावा लागतो.

समजा, पत्रा २ मिमी जाड, वाक ९०°, आतील त्रिज्या २ मिमी आणि दोन्ही बाजू बाहेरून ५० मिमी आहेत. पत्रा १०० मिमी कापू नका.

सरळ भाग = ५० − (२ + २) = ४६ मिमी
वाकाची लांबी = १.५७ × (२ + ०.४ × २) ≈ ४.४ मिमी
एकूण = ४६ + ४६ + ४.४ = ९६.४ मिमी

वाकताना बाहेरचा थर ताणला जातो, आतला दाबला जातो. लांबी न बदलणारा उदासीन अक्ष आतल्या बाजूला सरकतो. त्याचे स्थान ०.४ हा गुणक दाखवतो. तो धातू आणि त्रिज्येनुसार बदलतो, म्हणून आधी एक तुकडा वाकवून मोजा. ३.६ मिमीच्या फरकाने चॅसीवरची बोल्टची भोके जुळणार नाहीत.